सोळा पानांचं कॉमिक : आमच्या छापखान्याची वाटचाल

आमचा छापखाना लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मंडळांचे वार्षिक अहवाल यांवर उभा राहिला. घरखर्च आजही त्याच कामांवर चालतो. पण शनिवारी दुपारी बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या आमच्या गल्लीत आलात, तर कटिंग मशीनशेजारच्या लांब टेबलावर वेगळीच मंडळी दिसतील. नववीतली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले काका, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, दोन शिक्षिका. प्रत्येकासमोर दुमडलेले कोरे कागद असतात आणि प्रत्येकाला आयुष्यातलं पहिलं कॉमिक छापायचं असतं.

सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९७४ साली ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन घेऊन धंदा सुरू केला. मराठी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, मुंबईहून यायचे, गुजराती इथेच मिळायचे. बडोद्यात दोन्ही लिपी लागतातच, म्हणून दोन्हींच्या केशी, म्हणजे खिळ्यांचे खणांचे ट्रे, शेजारीशेजारी मांडलेल्या असायच्या आणि आमचे अक्षरं जुळवणारे कंपोझिटर न बघता हात घालून बरोबर खिळा उचलायचे. मग प्लेटांवरून छापणारं ऑफसेट आलं, संगणकावर अक्षरं जुळवणारं डीटीपी आलं, खिळे मोडीत गेले. तो काळ सगळ्याच छापखान्यांनी पाहिला आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

कॉमिकचं काम आमच्याकडे आलं ते डिजिटल प्रिंटिंग मशीन घेतल्यानंतर. ऑफसेटवर प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करावी लागते, मशीन जुळवताना कागद वाया जातो, आणि हा खर्च पंचवीस प्रती काढा नाहीतर हजार, तेवढाच होतो. त्यामुळे पंचवीस प्रती मागणाऱ्याला आम्ही पूर्वी परत पाठवत असू. डिजिटलला प्लेट लागत नाही. मशीन बसवल्यावर फाइन आर्ट्समधली एक विद्यार्थिनी स्केचबुक घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, याच्या तीस प्रती होतील का?" झाल्या. तिच्या मैत्रिणी आल्या. त्यांच्या मागोमाग चित्रकलेशी काहीही संबंध नसलेली माणसं येऊ लागली, आणि माझा जीव खरा जडला तो या लोकांवर.

बडोद्यात हे व्हावं यात मला नवल वाटत नाही. १९५० साली सुरू झालेली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आमच्यापासून लांब नाही. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार तिथे शिकवत होते आणि मुलांसाठी चित्रांची पुस्तकंही करत होते. त्याच्या कितीतरी आधी, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती निघाव्यात असं सुचवणारे टी. माधवराव हे बडोदा संस्थानाचे दिवाण राहिलेले. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. तिथे प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड लागायचा. आमच्या चार प्लेटा त्याच घराण्यातल्या.

नवीन माणसाला आम्ही पहिलं सांगतो ते हे, की मोठी कथा तूर्त घरी ठेवा. जवळजवळ प्रत्येक जण तीन खंडांची महागाथा डोक्यात घेऊन येतो. नायकाचं चित्र असतं, खलनायकाचं असतं, दोघांच्या तलवारींचीही असतात, आणि कथेचं एकही पान पूर्ण झालेलं नसतं. सोळा पानांचं कॉमिक पूर्ण करणाऱ्याला जे समजतं ते दोनशे पानांची तयारी करत बसलेल्याला समजत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आमच्याकडे पहिलं काम सोळा पानांचंच. त्याहून कमी चालेल, आठही चालतील, पण चौदा नाही चालणार. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, त्यामुळे सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीतच येतात.

दुसरं म्हणजे डमी, पुस्तकाचा कच्चा नमुना. चार कोरे कागद एकात एक घालून दुमडायचे, पानांवर पेन्सिलीने एक ते सोळा आकडे टाकायचे आणि मग पुस्तक उलगडून एकेक कागद बघायचा. एकाच्या शेजारी सोळा निघतं, दोनाच्या शेजारी पंधरा, तिनाच्या शेजारी चौदा. बेरीज कायम १७. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की पानं कुठे आणि का जातात ते पक्कं बसतं. मधलं आठ-नऊ हे एकच जोडपान अखंड कागदावर येतं. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या कागदांवर छापलं जातं आणि मध्ये बारीक फरक पडतोच. तेव्हा दोन पानांवर पसरणारं मोठं चित्र असेल तर ते आठ-नऊवर घ्या.

आणि उलटण्याचं भान ठेवा. वाचक डावं-उजवं पान एकदम पाहतो, नजर आपसूक पुढे पळते. जी गोष्ट अचानक समोर यायला हवी ती उजव्या पानावर ठेवली तर आधीच फुटते. ती पान उलटल्यावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावर, पहिल्याच चौकटीत यावी.

एका मुलाचं काम इथे सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या. त्याच्या सोसायटीत पाणी होतं आणि त्याची आजी पहिल्या मजल्यावरून खाली बघत बसलेली. एवढीच गोष्ट. त्याने आणलेल्या कच्च्या आराखड्यात मगर पाचव्या पानावर होती, आजी चौथ्यावर. आम्ही डमीत चिकटवून पाहिलं. पुस्तक उघडताच मगर दिसत होती आणि आजीचं काळजीनं पाणी न्याहाळणं फुकट जात होतं. त्याने आजीला पाचव्या पानावर नेलं. शेवटच्या चौकटीत नुसतं तपकिरी पाणी, त्यात तरंगणारी प्लॅस्टिकची बादली, आणि आजी विचारते, "अरे, ती बादली हलली का?" पान उलटलं की सहाव्यावर अख्ख्या पानभर मगर. चित्र तेच, जागा बदलली. छापून आल्यावर टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने ते पान उलटताना "अगं बाई" किंवा "अरे बापरे" केलं, आणि तो पोरगा कानापर्यंत लाल झाला.

आता अक्षरांबद्दल. नवशिक्याचं कॉमिक चित्रांपेक्षा अक्षरांत जास्त अडतं आणि मराठीत तर हमखास. इंग्रजी कॉमिक पाहून संवादांचे फुगे काढणारे लोक उभट, अरुंद फुगे काढतात. मराठी त्यात मावत नाही. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांबतात. "विश्वामित्रीच्या" किंवा "शेजाऱ्यांकडून" हा शब्द मध्येच तोडून खालच्या ओळीत नेला तर वाचताना ठेच लागते. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी मजकूर लिहा, तो चौकटीत बसवा, फुगा आखा आणि उरलेल्या जागेत चित्र काढा. फुगा आडवा, रुंद. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे आणि वर. डावीकडचं पात्र उत्तर देणारं असेल तर पात्रांच्या जागा बदला, बाणांनी वाचकाला फिरवू नका.

जोर द्यायला इंग्रजीत कॅपिटल अक्षरं असतात, आपल्याकडे ती सोय नाही. जाड अक्षर वापरा किंवा आकार वाढवा. आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे. धपकन, सुळकन, खळ्ळकन, चर्रर्र. हे शब्द फॉण्टमध्ये टाइप करू नका, हाताने रंगवा, चित्राचाच भाग करा. त्या बादलीच्या पानावर "डुचूक" हा शब्द पाण्याबरोबर हेलकावे खात काढला होता, तो मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

फाइलींच्या बाबतीत थोडक्यात. हाताने काढलेली पानं फोनने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवली की चित्र आकसतं आणि कडा फुटतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खरं तर स्कॅन करा. शाईच्या रेघांसाठी ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप), छटा असतील तर ३०० पुरतात. कडेपर्यंत जाणारं चित्र कापाच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर वाढवा, आणि अक्षरं कापापासून चांगली आत ठेवा. पुस्तक दुमडलं की आतली पानं बाहेर सरकतात, कटिंग मशीन ती सरळ कापतं, आणि मधल्या पानांची कड थोडी जास्त जाते. फॉण्ट युनिकोडच घ्या. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉण्ट मोफत आहेत, बालू तर फुग्यांत फार गोड दिसतो. पीडीएफ देताना अक्षरांचे आउटलाइन करून द्या, म्हणजे फॉण्टऐवजी अक्षरांचे नुसते आकार ठेवा, आमच्या संगणकावर मग अक्षरांचा चुरा होणार नाही. चित्र आणि अक्षरं जुळवायला क्रिटा आणि इंकस्केप पुरे आहेत, दोन्ही फुकट मिळतात.

अक्षरांचा थर चित्रापासून वेगळा ठेवा, असं मी हात जोडून सांगते. बडोद्यातल्या मराठी घरांत आजी मराठी वाचते आणि नातू गुजराती शाळेत जातो. अक्षरं वेगळी असली आणि निव्वळ काळ्या शाईत असली, तर गुजराती आवृत्तीसाठी तेच चित्र चालतं. ऑफसेटवर रंगीत काम करतानाही मग तीन रंगांच्या प्लेटा तशाच राहतात, फक्त काळी बदलायची. गुजरातीला शिरोरेखा नसल्याने मराठीसाठी सोडलेल्या जागेत ती सहज बसते. मगरीचं कॉमिक आम्ही असंच दोन्ही भाषांत काढलं आणि त्या मुलाच्या वर्गातल्या गुजराती मित्रांनी घरोघरी नेलं.

रंगाचा मोह पहिल्या कामात टाळावा. काळ्या शाईत चांगलं न दिसणारं पान रंगाने सुधारत नाही, हे मी इतक्या पानांवर पाहिलंय की आता बोलून दाखवते. आत ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) साधा मॅपलिथो कागद, बाहेर २५० जीएसएमचं कव्हर, एवढ्यात देखणं पुस्तक होतं. कव्हरवर एखादा जास्तीचा रंग घ्या.

रचना शिकायची असेल तर आम्ही मंडळींना रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घेऊन जातो. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत, महाभारत, कृष्णकथा, त्या काळची माणसं. एका प्रसंगाला किती जागा दिली, गर्दी कुठे केली, कुठे मोकळं सोडलं, कोण कोणाकडे बघतंय, हे तिथे उभं राहून मोजता येतं. ती नववीतली मुलगी वही घेऊन एकाच भिंतीसमोर बसून राहिली आणि पुढच्या शनिवारी तिच्या कॉमिकमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. त्याआधी सगळी वाचकाकडे बघत उभी असायची.

धंदा म्हणून विचाराल तर कॉमिकची कमाई लहान आहे. पत्रिकांच्या हंगामात दोन दिवसांत जेवढं येतं तेवढं कॉमिकवर महिन्यात येत नाही. तरी माझे यजमान आणि मी शनिवार कोणालाही देत नाही. त्यातून कामं वाढलीही आहेत. एका शाळेने मुलांच्या कॉमिकांचा संग्रह छापून घेतला, दोन संस्थांनी माहितीपत्रकं कॉमिकच्या रूपात केली. ज्यांना दुकानात विक्री करायची असते त्यांना आम्ही आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, अर्ज भरायला मदत करतो. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. निवृत्त काकांनी बडोदा संस्थानातल्या रेल्वेवर कॉमिक केलं, त्याला आयएसबीएन मिळाला तेव्हा त्यांनी टेबलावर सगळ्यांना लिलो चेवडो, बडोद्याचा ओलसर चिवडा, वाटला.

यंदा आम्ही लांब हाताचं स्टेपलर घेतलं आहे. आता ज्याला दहाच प्रती हव्यात तो आपल्या पुस्तकाला स्वतः पिना मारू शकतो. शनिवारी यायचं असेल तर चित्रं नसली तरी चालेल. चार कोरे ए-फोर कागद, पेन्सिल, आणि तुमच्या गोष्टीतली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते एका कागदावर लिहून आणा. दुपारी तीनला टेबल मोकळं असतं.