पिंपळाच्या पॅकेटावर थांबणारा पिको: अलाइनमेंटच्या चुकीचा माग

केळीच्या मळ्यातील ओलावा नोंदवणारा प्रोग्राम लॅपटॉपवरून पिकोवर, म्हणजे रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, नेण्याचे काम मागच्या नोंदीपर्यंत जवळजवळ झाले होते. त्यानंतरचे अकरा दिवस एकाच चुकीमागे गेले, आणि ती चूक ज्या रीतीने लपून राहिली ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

चोपडा तालुक्यातील आमच्या शेताचे तीन तुकडे आहेत आणि त्यांना बांधावरच्या झाडांची नावे आहेत: वड, जांभूळ आणि पिंपळ. प्रत्येक तुकड्यातील डबा दर पंधरा मिनिटांनी लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवरून एक पॅकेट, म्हणजे बाइटांचा छोटा गठ्ठा, पाठवतो. त्यात आधी नावाच्या लांबीचा एक बाइट, मग रोमन अक्षरांतील नाव, मग चार बाइटांची वेळ आणि शेवटी ओलावा व तापमान यांचे दोन-दोन बाइट असतात. हे पॅकेट उलगडणारा सी भाषेतील प्रोग्राम लॅपटॉपवर दोन हंगाम बिनतक्रार चालला. परंतु ठिबकचा पंप रात्रीच्या विजेवर चालतो आणि त्यासाठी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवणे परवडत नाही, म्हणून तोच प्रोग्राम आरपी२०४० चिप असलेल्या पिकोवर नेला.

वड आणि जांभूळ यांची पॅकेटे नीट उलगडली. पिंपळाचे पॅकेट आले की पिको जागच्या जागी थांबे. पहिला संशय मी अंतरावर घेतला, कारण पिंपळाचा तुकडा सर्वांत लांब आहे. अँटेना बदलली, पॉवर अडॅप्टर बदलला, मे महिन्यातील ऊन डब्याला बाधत असेल म्हणून पहाटे चाचणी घेतली. नाना मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, “पिंपळना डबा चालू कया का समदं बंद पडस.” पॅकेटाचा सीआरसी, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा, दर वेळी बरोबर येत होता, म्हणजे रेडिओ निर्दोष होता. ही गोष्ट मी आधीच मनावर घ्यायला हवी होती.

शेवटी दुसरा पिको डीबग प्रोब म्हणून जोडला आणि प्रोसेसरच्या आत डोकावू देणारे जीडीबी हे डीबगर लावले. प्रोसेसर हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चूक झाल्यावरच्या अवस्थेत, अडकलेला होता. कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ असता तर फॉल्ट स्टेटस रजिस्टरने (चुकीचे कारण नोंदवणाऱ्या जागेने) कारण सांगितले असते. पिकोतील कॉर्टेक्स-एम० प्लस या साध्या प्रोसेसरमध्ये ते रजिस्टरच नाही. तरीही फॉल्टच्या क्षणी प्रोसेसर आठ मूल्ये आपणहून स्टॅकवर ठेवतो: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. त्यांतील सातवे मूल्य, म्हणजे पीसी (चालू असलेल्या सूचनेचा पत्ता), पाहिले तर तेथे एलडीआर ही सूचना होती, जी आर२ मधील पत्त्यावरून चार बाइट एकदम उचलते. आणि स्टॅकवरील आर२ चे मूल्य होते २०००१४४७, अर्थात षोडशमान पद्धतीत. शेवटचा तो सात पाहताच सगळा उलगडा झाला. पॅकेट साठवणारा बफर २०००१४४० वर सुरू होत होता. रोमनमध्ये वड तीन अक्षरांचा आणि जांभूळ सात अक्षरांचे, त्यामुळे लांबीचा बाइट धरून, शून्यापासून मोजले तर, वेळ चौथ्या किंवा आठव्या बाइटपासून सुरू होई, म्हणजे चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर. पिंपळ सहा अक्षरांचा असल्याने त्याची वेळ सातव्या बाइटवर जात होती, आणि एम० प्लस असा पत्ता मुळीच चालवून घेत नाही. लॅपटॉपचा एक्स८६ प्रोसेसर तो निमूटपणे वाचतो, म्हणून दोन हंगाम काही कळले नाही.

मूळ दोष माझ्या कोडमध्ये होता. बाइटच्या पॉइंटरला बत्तीस बिटांच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून मी थेट वाचत होतो, आणि पत्ता अलाइन नसेल, म्हणजे वाचायच्या आकाराने त्याला भाग जात नसेल, तर सीच्या मानकानुसार ते अपरिभाषित वर्तन ठरते (काय घडेल याची हमी नाही). वेळेची ओळ सुधारल्यावर पिको चारच बाइट पुढे, ओलाव्यावर थांबला, कारण अकरावा बाइट दोनानेही भागला जात नाही. तापमान तेराव्यावर होते. आता तिन्ही ठिकाणी एकेक बाइट वाचून शिफ्टने मूल्य जोडले आहे. मेमकॉपीनेही हे साधले असते, पण शिफ्टमुळे बाइटांचा क्रम कोडमध्येच स्पष्ट दिसतो, म्हणून मला ती पद्धत अधिक पसंत आहे.

ज्यांच्याकडे एम३ किंवा एम४ आहे त्यांनी निर्धास्त राहू नये. तेथे साधी एलडीआर चालून जाते, पण एलडीआरडी आणि एलडीएम या एकदम अनेक मूल्ये वाचणाऱ्या सूचना अलाइन नसलेल्या पत्त्यावर फॉल्टच देतात, आणि ऑप्टिमायझेशन वाढवले की कंपायलर शेजारच्या दोन वाचनांची एक एलडीआरडी करू शकतो. चाचणीच्या काळात सीसीआर या नियंत्रण रजिस्टरमधील अनअलाइन ट्रॅपचा बिट चालू ठेवावा. मग साध्या वाचनातील चूकही लगेच पकडली जाते.

जीसीसी या कंपायलरमधील, अशा कास्टबद्दल सावध करणाऱ्या कास्ट-अलाइन इशाऱ्याचा स्ट्रिक्ट प्रकार आता मेकफाइलमध्ये कायमचा घातला आहे. पिंपळाचे साठवलेले पॅकेट जुन्या कोडला देऊन लॅपटॉपवर अपरिभाषित वर्तन पकडणारा अनडिफाइन्ड बिहेव्हियर सॅनिटायझर चालवला, तेव्हा त्याने तिन्ही ओळी क्षणात दाखवल्या. काल एक ते बारा अक्षरांच्या नावांची बारा पॅकेटे बनवून पिकोला पाठवली आणि सर्व बरोबर उलगडली. आज रात्री तिन्ही डबे एकत्र चालू आहेत. पिंपळाची सोळावी नोंद नुकतीच आली आहे.