रविवारची गोळी

खानापुरातल्या आमच्या मेडिकलमध्ये पावसाळ्यात गर्दी असते ती ताप-खोकल्याची. त्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले, कौलांच्या भट्टीवर काम करणारे, पन्नाशीच्या आसपासचे. तोंड आल्यावर लावायचं मलम मागत होते. "लई आलंय ताई, चहासुद्धा घोटवत नाही," म्हणाले. ओठांच्या कडा फाटून त्यातून रक्त आलेलं दिसत होतं. पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा कोपरावरचे चट्टे दिसले. सोरायसिस या कातडीच्या जुनाट रोगाचे चट्टे मी ओळखते, पण हे वेगळे होते. वरचे पांढरे खवले गेलेले आणि मधोमध कातडी उघडी पडून ओली झालेली.

मी मलमाची ट्यूब परत आत ठेवली आणि विचारलं, "मामा, सोरायसिसला गोळ्या चालू आहेत का?"

त्यांनी खिशातून दोन कागदी पुड्या काढल्या. दोन्हींत बारीक पिवळ्या गोळ्या. पट्टी कापून दिलेली, त्यामुळे नावाचा भाग कुठल्यातरी दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेला. एका पुडीवर पेनाने 'रोज १', दुसरीवर 'रविवारी १'. पट्टीच्या मागची उरलेली अक्षरं उजेडात धरून वाचली आणि माझ्या पायातलं बळच गेलं. 'रोज' लिहिलेल्या पुडीत मेथोट्रेक्सेट होतं, सोरायसिसवरचं औषध. 'रविवार'च्या पुडीत फॉलिक ॲसिड, म्हणजे त्या औषधाचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळं बरोबर होतं, पुड्यांवर उलटं झालं होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी हा माणूस पंधरवडाभर रोज घेत होता. वर बोटं दुखतात म्हणून पेनकिलरही. काही पेनकिलरमुळे मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि ते रक्तात साठत जातं.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच बिथरते. एरवी महिनाभरात तयार होऊन गळणारी कातडी तीन ते पाच दिवसांत तयार व्हायला लागते आणि थरावर थर साचतो. मेथोट्रेक्सेट त्या बिथरलेल्या यंत्रणेला आवर घालतं, भराभर वाढणाऱ्या पेशींनाही रोखतं. आठवड्याला एकदा, मोजून घेतलं तर हे जुनं, स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. रोज घेतलं तर तोंडातली नाजूक कातडी आणि हाडांच्या मगजात तयार होणारं रक्त, या दोन्हींवर ते घाव घालतं. तोंड आलं होतं म्हणजे रक्तातही बिघाड असणार, हे उघड होतं.

"मामा, आत्ताच्या आत्ता बेळगावला जायचं."

"भट्टी पेटलीय ताई, उद्या जातो की."

"उद्या नाही. आता."

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, नेमकं काय झालंय ते एका कागदावर लिहून दिलं, दुकानातल्या पोराला सोबत दिलं आणि गाडीत बसवलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात, त्या दोन हजारांच्याही खाली होत्या. प्लेटलेट्सही कमी. फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन लगेच सुरू केलं होतं. या विषबाधेवरचा उतारा तोच, आणि जितका लवकर मिळेल तितका चांगला.

ते वाचले. पण त्यांची बायको त्यांना घेऊन औषधं न्यायला आली तेव्हा जे बोलली ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. घरात त्यांचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. न्हाव्याने दाढी करायला नाही म्हटलेलं. "वैनी," मी म्हटलं, "हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही." तिला खरं वाटावं म्हणून त्यांच्या पाठीला मी स्वतः मलम लावून दाखवलं, दुकानाच्या आतल्या खोलीत. तेव्हाच त्यांची नखं नीट पाहिली. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे, आणि दोन बोटांची शेवटची पेरं सुजलेली. विटा-कौलं उचलून हात दुखतात असंच सगळे समजत होते. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि दुर्लक्ष झालं तर बोटं कायमची वाकडी होतात. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना दाखवा, असं बजावून सांगितलं.

आता त्यांना वेगळी गोळी चालू आहे, सांध्यांसाठीही तीच. आंघोळीनंतर ओल्या अंगावरच खोबरेल तेल. थंडीत चट्टे वाढतात, तेव्हा तेल दोनदा. माझ्या दुकानातून मेथोट्रेक्सेट आता महिन्याच्या चारच गोळ्या जातात. पाकिटावर औषधाचं नाव आणि वार, गिऱ्हाईक वाचेल त्या भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये. नेणाऱ्याकडून वार तोंडाने वदवून घेतल्याशिवाय मी पाकीट सोडत नाही. तालुक्यातल्या दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे, या एका औषधाची पट्टी नाव तोडून देऊ नका.

परवा वैनी मुलीच्या लग्नाचं विचारत होत्या. "स्थळाकडं सांगायचं का?" मी म्हटलं, सांगा. बापाला असला तर मुलीला होण्याची शक्यता थोडी वाढते, पण होईलच असं नाही. एक स्थळ यावरून मोडलं. दुसऱ्या स्थळाकडचे मामा मात्र विचारायला थेट दुकानात आले, आणि सगळं ऐकून घेऊन पत्रिका मागून गेले.