कॅम्पातली वही आणि नानांची वही

आज 26 जुलै. सकाळपासून भुरभुर चालूये, ना धड पाऊस ना उघडीप. पुतण्याने आल्या आल्या विचारलं, काका तुमचा वर्दीतला जुना फोटो द्या ना, कारगिल दिवस आहे, स्टेटसला टाकतो. म्हटलं शोध तूच, माळ्यावर काळी ट्रंक आहे. फोटो काय सापडला नाही, पण तळाशी 1999 सालची डायरी सापडली. खताच्या दुकानदाराने दिवाळीला वाटलेली, वर बैलाचं चित्र, आत प्रत्येक पानाखाली कुठल्या पिकाला कुठलं खत घालायचं ते छापलेलं. माझं सगळं ट्रेनिंग त्या खताच्या जाहिरातींच्या डोक्यावर लिहिलेलंय. पुतण्या पण सध्या अग्निवीर भरतीसाठी पळतोय, 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचं म्हणून पहाटे सिन्नरच्या बायपासला असतो. तो वही घेऊन बसला आणि पाच मिनिटांत तोंड वाकडं करून म्हणाला, काका यात युद्ध कुठंय?

बरोबर आहे त्याचं. आख्ख्या वहीत युद्ध शोधावं लागतं. "आज बूट चावला." "आज डाळीत खडा." "आज उस्ताद खूश, कारण माहीत नाही." उस्ताद म्हणजे आम्हाला ट्रेनिंग देणारा. 8 जूनला मात्र मोठ्या अक्षरात लिहिलंय, "पाकिस्तान हरलं!!" पुतण्याला वाटलं लढाईचं आहे. ती वर्ल्डकपची मॅच होती, मँचेस्टरची, प्रसादने पाच विकेट काढल्या आणि आपण 47 रन्सने जिंकलो. तिकडे डोंगरावर माणसं मरत होती आणि इकडे मॅच, एकाच दिवशी, आणि आम्हाला त्यात काही विचित्र पण वाटलं नव्हतं.

मी भरती झालो तेव्हा युद्धबिद्ध काही नव्हतंच. फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला जाऊन आले होते, पेपरात गळाभेटीचे फोटो होते. एप्रिलमध्ये मी ट्रंक, मग, प्लेट घेऊन नाशिक रोड कॅम्पात शिरलो, तोफखान्यात, आणि मे महिन्यात मेंढपाळांनी वरती कारगिलला घुसखोर बघितले नि सगळं सुरू झालं. म्हणजे शांततेत पेरलं आणि लढाईत उगवलं असं आमच्या बॅचचं झालं.

दिवस कसा जायचा तर साडेचारला शिट्टी. शिट्टीच्या आधी जो उठेल त्याला संडासची लाईन छोटी, त्यामुळे हुशार पोरं पावणेचारलाच उठायची, मग त्यांच्यापेक्षा हुशार साडेतीनला, असं करत करत एक लातूरचा पोरगा रात्री झोपायच्या आधीच उरकून यायला लागला. दाढी रोज. दाढी आलेली नसली तरी रोज, थंड पाण्याने, उस्ताद गालावरून पोस्टकार्ड उलटं फिरवायचा, खर्रर्र आवाज आला की संपलं. मग मगभर चहा, पीटी, नाश्ता, परेड, हत्यार, जेवण, आणि दुपारी क्लास. दुपारचा क्लास ही खरी शिक्षा. पळणं परवडलं पण जेवून पंख्याखाली बसून जागं राहणं नको, ज्याला पेंग यायची त्याने स्वतःहून मागे जाऊन उभं राहायचं असा नियम होता, वीस मिनिटांत अर्धा वर्ग मागे उभा असायचा आणि त्यातले चारजण उभ्याने झोपलेले.

बुटांचं सांगायलाच पाहिजे. रात्री रोल कॉल झाला की सगळी बॅरेक जमिनीवर बसायची, मधे बूट. कापूस ओला करायचा, पॉलिश घ्यायची कणभर, आणि टाचेला नि नाकाला गोल गोल, गोल गोल, जोर नाही लावायचा, जोर लावला की मॅट होतं. तास दीड तास. उस्ताद म्हणायचा, बूट में अपना मुँह दिखना चाहिए. माझ्या डाव्या बुटात मुंह दिसायचं, उजव्यात फक्त कपाळ. मी शेतकऱ्याचा पोरगा, पन्नास किलोची कांद्याची गोणी पाठीवर टाकून टेम्पोत चढवायची सवय, पण हे बारीक काम मला जमेना. शेजारचा पंजाबचा पोरगा माझा उजवा बूट करून द्यायचा आणि मी त्याची मच्छरदाणी बांधून द्यायचो, गाठी माझ्या पक्क्या. असा आमचा व्यवहार. त्याला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी म्हणजे सिनेमातलं.

हिंदीवरून एक आठवलं ते वहीत नाहीये पण आख्ख्या बॅचला पाठ आहे. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि मला ताप भरला. सकाळी फॉल-इनमध्ये उभं राहवेना म्हणून मी एक पाऊल पुढे येऊन सांगितलं, "उस्ताद, मेरेको ताप है." उस्ताद हरियाणाचा. त्याने ऐकलं तोप है. म्हणाला, "तोप तो सबको है बेटा, तोपखाने में आया है तू." मी परत, "नहीं उस्ताद, अंग में ताप है." "किसके संग में तोप है?" सगळी लाईन हसायची थांबेना, आणि हसल्याबद्दल सगळ्या लाईनला फ्रंट रोल, मला एमआय रूम, म्हणजे कॅम्पातला दवाखाना. नंतर खूप वर्षांनी एका साहेबांनी सांगितलं की इंग्रजांच्या काळात घरी जाणारे गोरे सोल्जर बोटीची वाट बघत देवळालीच्या कॅम्पात महिनोन्महिने पडून असायचे आणि कंटाळून येडे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत येड्या माणसाला "डुलाली टॅप" म्हणतात, डुलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. मला फार बरं वाटलं ऐकून. म्हटलं इथे ताप येणारा मी पहिला नाही.

तर हा उस्ताद. त्याची स्वतःची रेजिमेंट त्यावेळी द्रासला होती. तो आमच्यासारख्या कच्च्या पोरांना सावधान-विश्राम शिकवत नाशकात, आणि त्याची जोडीदार माणसं तिकडे गनवर. त्याने परत पाठवा म्हणून अर्ज केला होता म्हणे, झालं नाही. हे आम्हाला लंगर कमांडरकडून, म्हणजे कॅम्पाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य माणसाकडून कळलं, सगळ्या बातम्या तिथूनच यायच्या, त्याच्याकडे कणकेने माखलेला ट्रान्झिस्टर होता. टीव्हीच्या खोलीत जायला आम्हाला वेळ कुठे. पोळ्या घ्यायला ताट पुढे केलं की तो पोळीबरोबर बातमी टाकायचा. 13 जूनला, रविवार होता, म्हणाला तोलोलिंग ले लिया. आम्हाला तोलोलिंग काय माहीत, डोंगर का गाव का माणूस. (द्रासजवळचं शिखर ते.) पण उस्ताद त्या दिवशी मैदानाच्या कडेला एकटा बसला होता, कुणाला काही बोलला नाही, आमचा एकाचा बेल्ट सैल होता तरी बोलला नाही.

त्यानंतर गन ड्रिलमध्ये तो वेगळाच झाला. आम्ही 105 एमएमच्या फील्ड गनवर शिकायचो. आधी "टेक पोस्ट" म्हटलं की धावत जाऊन आपापल्या नंबरावर उभं राहायचं, हे आम्हाला कबड्डीसारखं वाटायचं. आता तो सेकंद मोजायला लागला. पुन्हा. पुन्हा. डमी गोळा उचल, ठेव, उचल. कुणी म्हणालं उस्ताद हात दुखतायत तर म्हणायचा, बोफोर्सचा गोळा चाळीस किलोच्या वर असतो आणि तिथे श्वास घ्यायला हवा नाही. एकदा क्लासमध्ये त्याने फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक खाली नाशिक, एक वर द्रास, आणि विचारलं तीच गन, तोच चार्ज (गोळा फेकणारी दारू), तोच कोन, गोळा कुठे जास्त लांब जाईल? सगळे म्हणाले सारखाच. म्हणाला नाही, वर हवा पातळ, गोळ्याला अडवणार कोण, तो लांब जातो, अंतराच्या तक्त्यात लिहिलेला आकडा तिथे चुकतो, मग गोळा दुश्मनाच्या डोक्यावरून पलीकडे किंवा आपलीच पोरं चढतायत त्यांच्यावर. म्हणून हिशोब नवा करावा लागतो. त्या दुपारी कुणी मागे जाऊन उभं राहिलं नाही, एकालाही पेंग आली नाही. वहीत मी एवढंच लिहिलंय, "हवा पतली, गोला लंबा." खाली छापलंय, ऊस: लागवडीच्या वेळी.

नंतर वाचलं की त्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब, रॉकेटं टाकली आणि टायगर हिलच्या दिवशी तर नऊ हजार. 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 ला "गन हिल" नाव दिलं. त्यावेळी आम्हाला यातला एक आकडा माहीत नव्हता. आम्हाला माहीत होतं ते एवढंच की रात्री बॅरेकमध्ये कुणी बोलत नाही पण झोपलेलं पण नाही.

आता पुतण्याने जे विचारलं त्याचं उत्तर मी त्याला दिलं नाही, इथे लिहितो. त्याने विचारलं भीती वाटायची का. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड सगळी नावं आली तेव्हा तो जरा हलला होता, त्यामुळे विचारलं असणार. भीती वाटायची, पण ती सांगायला लाज नाही. लाज वेगळ्याची आहे. आम्हाला वाटायचं युद्ध संपू नये. आमचं ट्रेनिंग होईपर्यंत तरी चालावं. उघड कुणी म्हणायचं नाही पण हिशोब सगळे करायचे, किती आठवडे राहिले, किती चालेल, बर्फ कधी पडतो तिकडे. बर्फ पडेपर्यंत चाललं तर आपला नंबर लागेल. 19 वर्षांचे होतो. रोज तिरंग्यातल्या पेट्या विमानातून उतरताना पेपरात दिसत होत्या आणि आम्ही मनातल्या मनात अजून थोडे दिवस मागत होतो. 26 जुलैला लंगर कमांडरने पोळीबरोबर टाकलं, खतम हो गया, सब साफ. आमच्या रांगेत एकजण पटकन म्हणाला, "बस, संपलं?" मराठीतच म्हणाला. उस्ताद मागेच उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं पण आवाज कळतो ना माणसाला. त्याने त्या पोराकडे नुसतं बघितलं. शिक्षा केली असती तर बरं झालं असतं. त्याच्या बॅटरीतली, म्हणजे तोफांच्या तुकडीतली, दोन माणसं गेली होती हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं.

तो "बस, संपलं?" म्हणणारा मीच.

वहीत हे नाहीये. वहीत 26 जुलैला लिहिलंय "रात्री खीर होती."

आणि अजून एक गोष्ट वहीत फार वेळा आहे, वाचताना माझं मलाच कसंतरी वाटलं. नाना म्हणजे माझे वडील. "आज रविवार. नाना आले नाहीत." "सोलापूरवाल्याची आई आली, चटणी आणली. नाना आले नाहीत." सोलापूरची माऊली दोन गाड्या बदलून आली, आणि माझं घर कॅम्पापासून 25 किलोमीटर, तरी नाना नाहीत. पोरं चिडवायची, तुझं घर तर इथून दिसतं, तुला कुणी कसं येत नाही रे. आई पत्रात लिहून पाठवायची की कामं आहेत, मेथी काढायला आलीये, पाऊस धरला नाही. मी मनात धरलं ते धरलंच. सुट्टीवर गेलो तेव्हा पण नानांशी दोन दिवस धड बोललो नाही, आणि त्यांनी पण विचारलं नाही का बोलत नाहीस, आमच्याकडे ती पद्धतच नाही.

नाना जाऊन आता सहा वर्षं झाली. आज पुतण्याने ट्रंक खाली काढली तेव्हा शेजारची पत्र्याची पेटी पण काढली, त्यात नानांच्या हिशोबाच्या वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. नाना चौथी शिकलेले पण हिशोब रुपया-पैशापर्यंत. गावातून तिघं-चौघं मिळून एक टेम्पो करायचे आणि भाजी नाशकाच्या मार्केटला रात्रीच्या लिलावाला न्यायचे, पुणे रोडने, म्हणजे कॅम्पाच्या समोरूनच. पुतण्याला म्हटलं बघ रे 99 ची आहे का, त्यावेळी मेथीला काय भाव होता बघू.

99 ची होती. मी माझी डायरी मांडीवर घेतली आणि नानांची वही त्याच्या हातात, गंमत म्हणून तारखा जुळवत बसलो. मी वाचायचं, मग त्याने वाचायचं.

माझं: "13 जून. तोलोलिंग घेतलं म्हणे. नाना आले नाहीत."

तो वाचतो: "13/6. कोथिंबीर 220 जुड्या. हमाली. टेम्पो वाटा. चहा, कॅम्प, 4 रु."

म्हटलं पुढचं वाच. जूनमध्ये पाच वेळा, जुलैत सात. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत चहा, कॅम्प. कधी 4 रुपये, कधी 2. पुतण्या म्हणाला काका, कॅम्प म्हणजे कुठला कॅम्प? मी टेम्पोवाल्या आबांना फोन लावला, ते आता पंच्याहत्तरीचे, ऐकू कमी येतं. दोनदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, हां हां, तुझा बाप ना, येताना गाडी थांबवायला लावायचा गेटासमोरच्या टपरीवर. रात्री साडेदहा-अकराला. मी म्हणायचो आरे जा की आत, रविवारी येऊन भेट, तर म्हणायचा नको, पोरगं कच्चं पडतं. चहा प्यायचा, गेटाकडं बघायचा, चला म्हणायचा.

रात्री साडेदहा-अकराला मी बुटावर कापूस फिरवत असायचो. पुणे रोडवरच्या गाड्यांचे हॉर्न बॅरेकमध्ये ऐकू यायचे.

पुतण्या अजून वाचतोय. 4 जुलैला माझ्या वहीत आहे, "टायगर हिल घेतलं. लंगरमध्ये सगळे ओरडले. उजवा बूट अजून नीट नाही." नानांच्यात, "4/7. मेथी 180 जुड्या, भाव पडला. भिजलो. चहा, कॅम्प, दोन वेळा, 4 रु."