धरणावरची थंडी आणि माझी गरी

मी खाडीकाठचा. आमच्याकडे गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला, जायचं तर आधी भरतीची वेळ बघायची, गरीला जिवंत सुंगट (कोळंबी) लावायचं आणि काठी घट्ट धरून बसायचं, कारण तांबोशी लागली तर हातातली काठी नेते. त्यामुळे कुडाळकडचा मामेभाऊ जेव्हा म्हणाला की जानेवारीत आमच्या धरणावर गरवण्याची स्पर्धा आहे, नाव देऊन ठेवलंय तुझं, तेव्हा मला हसू आलं. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्या घरी मासा म्हणतच नाहीत. चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडतात.

नियम सोपे होते. एकाला एकच काठी, सकाळी 7 ते दुपारी 12, जागा चिठ्ठी टाकून, आणि शेवटी एकूण वजन. धरणाचा मासेमारीचा ठेका तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांची परवानगी घेतलेली. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून बोटुकली विकत आणून सोडावी लागते. सोसायटीचे पैसे पाण्यात आहेत ते असे. तेव्हा मासा जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचा, वजनानंतर हवा असेल त्याने किलोच्या भावाने घ्यायचा, बाकीचे परत पाण्यात.

आदल्या रविवारी मामाने शिकवणी घेतली. "कटल्याचा तोंड वर, मृगळाचा खाली, रोहू मदी," एवढ्यात त्याने अर्धा विषय संपवला. तोंड जिकडे वळलेलं, तिकडचं तो खातो, मग गरी किती खोल सोडायची ते आपोआप ठरतं. आमिष कणकेचं, पण मळताना त्यात पिंजलेला कापूस घालायचा, म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. मासे जमवायला पाण्यात टाकायच्या चाऱ्याला भिजवलेली शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. फ्लोट, म्हणजे मासा लागला ते दाखवणारी तरंगती खूण, मोरपिसाच्या दांडीचा. माझा खाडीतला जाड तंगूस (गरवायचा नायलॉनचा दोरा) बघून तो नुसता हसला आणि स्वतःचा 0.20 मिलिमीटर जाडीचा दिला. मला ते शिवणकामाच्या दोऱ्यासारखं वाटलं.

स्पर्धेच्या पहाटे फोनवर 17 अंश. घाटावरचे लोक याला थंडी म्हणणार नाहीत, पण आम्ही कानटोप्या घालून शेकोटीभोवती उभे होतो. धरणाच्या पाण्यावरून वाफ निघत होती. हात घातला तर पाणी हवेपेक्षा कोमट! मला वाटलं, बरं झालं, मासे मजेत असतील. इथेच चुकलो. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार. या माशांना पंचविशीच्या वरचं पाणी मानवतं; रात्रीच्या थंडीने ते खाली उतरत गेलं की त्यांचं पचन मंदावतं आणि भूकही मरते. आपल्या हाताला कोमट लागलं म्हणून त्यांना काय!

चिठ्ठीत 9 नंबर आला. पूर्वेला डोंगर, त्याच्या सावलीत. बसल्याबसल्या मी सहा मुठी चारा भिरकावला, खाडीवाल्याचा उत्साह. दोन तास फ्लोट हलला तो फक्त पिटुकल्या माशांनी टोचा मारल्यामुळे. पलीकडे 3 नंबरच्या जागेवर ऊन पडलं होतं आणि तिथल्या माणसाने एक कटला काढलासुद्धा. मामा मागून फेरी मारत आला.

"अरे, तू माशांका गरवतंस की जेवणावळ घालतंस?"

एवढं बोलून तो पुढे गेला. मदत करायची नाही असा नियम होता, हे मदतीत मोडतं की नाही देव जाणे.

साडेनऊला ऊन माझ्याकडे पोचलं. चारा बंद केला. मग पंधरा-वीस मिनिटांनी चिमूटभर. गोळी सुपारीएवढी होती ती तुरीच्या दाण्याएवढी केली, गरीही बारीक बांधली. आणि खरी पंचाईत तिथून पुढे. मी फ्लोट बुडायची वाट बघत होतो, तो बुडेचना. उलट मधूनच बोटभर वर यायचा आणि आडवा व्हायचा. दोनदा मी ते वाऱ्यावर ढकललं. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला: गरीजवळचं शिसं तळाला टेकलेलं आहे, मासा गोळी तोंडात घेऊन डोकं वर करतो, शिसं उचललं जातं आणि भार गेलेला फ्लोट वर येतो. खाडीत असलं नाजूक काम कुणी करत नाही. हिसका दिला. मृगळ, पाऊण किलोच्या आतबाहेर.

त्यानंतरचा सायप्रिनस (कॉमन कार्प) मोठा होता. धरणात बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून तळाशी आहेत, तो सरळ तिकडे वळला. खाडीत मी ओढून काढला असता. इथे त्या दोऱ्याच्या भरवशावर रीळ सैल सोडून मागे मागे फिरत राहिलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. थंडी कुठे गेली कळलं नाही. मग एक रोहू काठाशी येऊन सुटला, आणि बाराला पाच मिनिटं असताना आणखी एक लहान मृगळ.

तीन मासे, 3 किलो 650 ग्रॅम, चौदा जणांत सहावा. पहिला आला तो 3 नंबरवाला, 11 किलोच्या वर. त्याला विचारलं तर म्हणाला, साडेआठपर्यंत चाऱ्याला हातच लावला नव्हता. नुसता चहा पीत पाण्याकडे बघत होता. जागा चांगली मिळाली हे खरं, पण मी तिथे असतो तर सातलाच सहा मुठी टाकल्या असत्या.

सायप्रिनस विकत घेतला, मृगळ सोडून दिले. घरी आईने मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून तो दोनदा धुतला, तिरफळं घालून तिखलं केलं. पहिला घास घेतला, दोन टोकांचा काटा बाजूला काढला आणि म्हणाली, "बांगडो बरो."