बीएचयू बघायचं असेल तर पायीच बघा, ई-रिक्षाची ‘टूर’ घेऊ नका

काशीला जाणारी आपली बहुतेक मंडळी बनारस हिंदू विद्यापीठात जातात ती फक्त आतलं विश्वनाथ मंदिर बघायला. लंका चौकात उतरायचं, ई-रिक्षा करायची, दर्शन, फोटो, परत. तेराशे एकरांचा हा परिसर असा उरकणं म्हणजे सरळ सरळ नुकसान आहे.

सिंहद्वाराशी, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य दाराशी, पोचताच एक ई-रिक्षावाला आडवा आला. म्हणाला, बाहेरच्यांना आत पायी सोडत नाहीत, भारत कला भवन हे संग्रहालय आज बंद आहे, पूर्ण कॅम्पसचे चारशे रुपये. तिन्ही गोष्टी धडधडीत खोट्या! दार सताड उघडं होतं, रखवालदाराने हटकलंही नाही आणि कला भवन सुरू होतं. माझ्यासमोर एका वयस्कर जोडप्याने चारशे मोजले आणि त्यांना नेलं फक्त मंदिरापर्यंत. आतल्या शेअर रिक्षा तेवढ्याच अंतराला माणशी दहा-वीस घेतात. याचा राग अजून गेलेला नाही.

पायी जाणाऱ्याला खरा त्रास होतो तो पहिल्या टप्प्यात. दाराच्या आत लगेच सर सुंदरलाल रुग्णालय आहे. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून रुग्ण येतात. रुग्णवाहिका, ऑटो, नातेवाइकांची गर्दी, हॉर्न. पदपथावर पाऊल ठेवायला जागा नाही. इथेच लोक कंटाळतात आणि रिक्षात बसतात. बसू नका. कडेकडेने निघा, फोटोसाठी थांबू नका, रुग्णवाहिकेला वाट द्या. तो पट्टा संपला की एकदम दाट झाडी लागते आणि कान मोकळे होतात.

रस्त्यांची रचना समजून घ्या. परिसर अर्धवर्तुळाकार आखलेला आहे: काही रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ, काही कमानीसारखे वळत जाणारे. कमानीच्या रस्त्यावर आपण सरळच चाललोय असं वाटत राहतं आणि भलत्याच वसतिगृहापाशी निघतो. पाय दुखत असतील तर फक्त सरळ रस्ते धरा. रस्ता विचारताना ‘व्हीटी’ (विश्वनाथ टेंपल) म्हणा, मंदिराला सगळे तेच म्हणतात. सिंहद्वारापासून ते साधारण दोन किलोमीटर. सगळं हिंडायचं तर सहा-सात किलोमीटर चाल होतेच.

आधी भारत कला भवन. राय कृष्णदास यांनी उभं केलेलं हे संग्रहालय, एक लाखाहून जास्त वस्तूंचं. लघुचित्रांचं दालन सोडून बाकी काही बघितलं नाहीत तरी चालेल, पण त्याला घाई करू नका. रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्टीला बंद असतं, म्हणून वार बघून या.

मग सयाजीराव गायकवाड ग्रंथालय. विद्यापीठाचे संस्थापक पं. मदनमोहन मालवीयजी गोलमेज परिषदेहून परतले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय डोक्यात घेऊन, आणि बडोद्याच्या महाराजांच्या देणगीतून 1941 मध्ये ही इमारत उभी राहिली. महाराज तोवर हयात नव्हते. गंगेकाठच्या विद्यापीठात पाटीवर ते नाव वाचून ऊर भरून आला. मला आत सोडलं नाही. विद्यार्थी अभ्यासाला बसलेले असतात, हुज्जत घालू नये. बाहेरून संथपणे एक फेरी मारा. मराठी माणसाने हे चुकवलं तर काशीत येऊन काय पाहिलं, असं मी स्पष्ट म्हणेन.

संगीत विभागाबाहेरही थांबा. 1950 मध्ये गायक पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी तो सुरू केला. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्या दुपारी खिडकीतून तबल्याचा रियाज ऐकू येत होता आणि मी उन्हात उभी राहून ऐकत होते.

मंदिर शेवटी ठेवा. 1931 मध्ये पायाभरणी, 1966 मध्ये पूर्ण. मालवीयजी 1946 मध्येच गेले. भिंतींवर गीता कोरलेली आहे. दुपारी बाराच्या सुमारास काही वेळ बंद असतं, त्यामुळे संध्याकाळ बरी. बाहेरच्या दुकानांतली कोल्ड कॉफी विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. एवढ्या चालीनंतर ती अमृत लागली.

मे-जूनमध्ये हा बेत करूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, बूट हवेतच, पाण्याची बाटली जवळ ठेवा. परतताना व्हीटीहून सिंहद्वारापर्यंत शेअर रिक्षा घ्यायला हरकत नाही. बसण्याआधी माणशी भाडं ठरवा, वीसच्या वर देऊ नका.