आधी जागा, मग दाखला: पुण्याहून सांगलीत दुसऱ्या वर्षाला येताना

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पुण्यातल्या एका कॉलेजात केलं आणि दुसऱ्या वर्षाला मी सांगलीत आलो. तिकडचं विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, इकडचं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. अशी बदली होते, पण कागदांचा क्रम चुकला की वर्ष अडकतं. म्हणून आधी क्रमाचंच सांगतो.

पहिली फेरी नव्या कॉलेजात मारा, जुन्या नाही. बहुतेक जण उलटं करतात: निकाल लागला की जुन्या कॉलेजातून एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढतात आणि मग जागा शोधत फिरतात. एलसी हातात पडली की तुम्ही तिथले विद्यार्थी राहत नाही. इकडं जागा मिळाली नाही तर तिकडं पुन्हा घ्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात जातं. दुसऱ्या वर्षाच्या जागा नव्यानं भरत नाहीत. पहिल्या वर्षातली मुलं सोडून गेली किंवा नापास झाली, तर त्यांच्या जागा मोकळ्या होतात. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असल्या प्रॅक्टिकलच्या विषयांत बॅचची संख्या ठरलेली असते, तिथं एखाद-दुसरीच जागा निघते. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: आधीचं कॉलेज, विद्यापीठ, वर्ष, विषय, बदलीचं कारण. सोबत दोन्ही सेमिस्टरची गुणपत्रकं आणि बारावीचं गुणपत्रक जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. 'या, बघू' एवढ्यावर तिकडचं काही सोडू नका. जागा आहे आणि प्रवेश देता येईल, असं लेखी मिळेपर्यंत थांबा.

बोलताना एक गोंधळ होतो. पुण्यात आपण एफवाय, एसवाय म्हणतो. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी. भाग एक, भाग दोन चालतं. अर्जात 'भाग दोनला प्रवेश' असंच लिहा.

आता खरा अडसर. गुण कितीही चांगले असोत, बदली अडते ती विषयांवर. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं, तेव्हापासून सगळा हिशेब क्रेडिटचा झाला. एका सेमिस्टरला साधारण २२, वर्षाला ४४. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. दोन्हीकडची बेरीज ४४ आली म्हणजे जमलं, असं वाटतं, पण ती बेरीज ज्या खणांतून येते ते खण जुळावे लागतात: मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली. कुठला खण कुठल्या सेमिस्टरला घ्यायचा, हे विद्यापीठागणिक बदलतं. त्यामुळं एखादा पेपर तिकडं अजून झालेलाच नसतो आणि इकडची मुलं तो पहिल्या वर्षात देऊन मोकळी झालेली असतात. तो पेपर तुमच्या गळ्यात जादा म्हणून येतो, दुसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर. याला घाबरायचं कारण नाही, पण कुठले पेपर जादा द्यावे लागतील ते प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं तर पदवी त्या एका पेपरसाठी अडून बसते.

मुख्य विषयाचं तर आणखी काटेकोर आहे. दुसऱ्या वर्षाला जो विषय मेजर, म्हणजे मुख्य, घ्यायचाय, तो पहिल्या वर्षात शिकलेला असलाच पाहिजे. मायनरचंही, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाचंही, तसंच. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असेल आणि नव्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा विभागच नसेल, तर हातात दोनच विषय उरतात. ते दोन तिथं मेजर-मायनर म्हणून एकत्र मिळतात का, हे ऑफिसात नाही, विभागप्रमुखांना भेटून विचारा. समकक्षता पाहताना त्यांचं मत लागतं. भेटायला जाताना पहिल्या वर्षाचा पूर्ण अभ्यासक्रम छापून न्या, प्रत्येक पेपरचा कोड, क्रेडिट आणि घटक दिसतील असा. नुसत्या पेपरच्या नावावर कुणी काही ठरवत नाही. पुढं हाच अभ्यासक्रम जुन्या कॉलेजच्या शिक्क्यासह द्यावा लागू शकतो, म्हणून तिकडून निघायच्या आत प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन ठेवा. बाकीच्या झेरॉक्सवर आपलीच सही चालते, अभ्यासक्रमावर चालत नाही.

एटीकेटी असेल, म्हणजे एखादा पेपर राहिला असेल, तर दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला कॉलेज सहसा घेत नाही. कारण सरळ आहे: राहिलेला पेपर जुन्या विद्यापीठाचा, तो तिथंच द्यावा लागतो आणि तो सुटेपर्यंत पहिल्या वर्षाचा निकाल पूर्ण होत नाही. पेपर आधी सोडवा, मग बदलीचं बघा.

लेखी संमती मिळाली की पुण्याचं काम. आधी नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद: लायब्ररी, प्रयोगशाळा, जिमखाना, हॉस्टेल. लायब्ररी आणि लॅबचं डिपॉझिट परत मिळतं, त्याचा अर्ज याच वेळी करा. पुन्हा त्यासाठी गाडीभाडं घालून जाणं होत नाही. मग एलसी. त्यावर नाव, जन्मतारीख, जात हे बारावीच्या दाखल्याबरहुकूम आहे का, ते काउंटरवर उभं राहूनच वाचा. कुणी 'एक्झिट घ्या' म्हणालं तर घेऊ नका. एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडणं हा वेगळा मार्ग आहे, त्याला चार जादा क्रेडिट लागतात आणि बदलीसाठी त्याची गरज नाही.

एलसी आणि मायग्रेशन हे दोन वेगळे कागद आहेत. एलसी कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं. विद्यापीठ बदलत असेल तर दोन्ही लागतात. मायग्रेशनच्या अर्जाला एलसी आणि शेवटचं गुणपत्रक जोडावं लागतं, म्हणून एलसी मिळाल्यादिवशीच अर्ज भरा. मूळ प्रत पुढं नव्या विद्यापीठाकडं जमा होते. त्याआधी दोन्ही कागद रंगीत स्कॅन करून ठेवा. हरवलं तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्रापासून सगळं नव्यानं सुरू होतं.

इकडं आल्यावर मिळतो तो तात्पुरता प्रवेश. फी भरली, वर्गात बसलात, तरी विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी विभागाकडून पात्रता मंजूर होईपर्यंत तो पक्का नसतो. कागद कॉलेज पाठवतं. एखादा कमी असला तर फाईल तशीच पडून राहते आणि परीक्षेचा फॉर्म किंवा निकाल अडला की मगच विद्यार्थ्याला कळतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी ऑफिसात विचारत राहा: फाईल गेली का, जावक क्रमांक काय. त्या क्रमांकाशिवाय कोल्हापूरला चक्कर मारून उपयोग नाही. सांगलीहून हातकणंगलेमार्गे एसटीनं जाऊन यायचं तर दिवस तिथंच मोडतो.

याच काळात क्रेडिट बँकेचं, म्हणजे एबीसीचं (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स), खातं बघा; मिळवलेली क्रेडिट तिथं जमा होतात. एबीसी आयडी १२ अंकी असतो, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि विद्यापीठ बदललं तरी तोच राहतो. नवा काढू नका. जुन्या विद्यापीठानं तुमची ४४ क्रेडिट तिथं चढवलीत का, ते उघडून पाहा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी कळवा. अडतं ते बहुतेक वेळा नावावर. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, तर आधारवर स्वतःचं नाव आधी. क्रम वेगळा असला तर सहसा निभावतं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडंतिकडं असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

साताऱ्याच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे येतात, म्हणून साताऱ्याहून सांगलीला येताना मायग्रेशन लागणार नाही असं धरून चालतात. बहुतेक कॉलेजांच्या बाबतीत ते खरं आहे: दोन्ही कॉलेजांची ना हरकत आणि विद्यापीठाची परवानगी घेतली की झालं, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच राहतो. पण साताऱ्यातली यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं मिळून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. तिथून सांगलीला येणं म्हणजे विद्यापीठ बदलणं, जशी पुण्याहून बदली तशीच ही. शिवाजी विद्यापीठाखालच्या स्वायत्त कॉलेजचं पुन्हा निराळं. विद्यापीठ एकच असलं तरी अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, तेव्हा मायग्रेशन नसलं तरी विषय जुळवायचं काम चुकत नाही.

पहिल्या वर्षाला नव्यानं येणाऱ्यांचं त्या मानानं सोपं. राज्य मंडळाची बारावी असेल तर मायग्रेशनचा प्रश्न येत नाही, सीबीएसईवाल्यांना ते मंडळाकडून घ्यावं लागतं. बारावीनंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. बीबीए, बीसीए २०२४ पासून सीईटीतून भरतात, त्यामुळं तिथं बी.एस्सी.चे हे नियम लावू नका, बदलीसाठीसुद्धा.

दाखल्यांपैकी नॉन-क्रीमिलेअर तेवढं तपासा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जून-जुलैत असतो, त्यामुळं गेल्या वर्षीचं चालेल असं समजून आलेल्यांची पंचाईत होते. दाखले जिथलं घर तिथल्या तालुक्यातून निघतात. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, हे बाहेरून आलेल्यांना अर्ज भरताना ठाऊक नसतं.

तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म उघडला की त्यावरचा पीआरएन, मेजर-मायनरचे पेपर कोड आणि जादा म्हणून सांगितलेले पेपर, तिन्ही प्रवेशाच्या वेळी लेखी मिळालेल्या कागदांशी ताडून बघा. जादा पेपर फॉर्मवर आपोआप येत नाहीत. दिसत नसतील तर फॉर्मची मुदत संपायच्या आत परीक्षा विभागात त्या कागदांची झेरॉक्स घेऊन जा.