आमची वाटचाल : एका ओळीच्या कोटेशनपासून पाहणीच्या तक्त्यापर्यंत

आमच्या फर्मचं काम भिंतीवरच्या गिझरपासून सुरू झालं. गिझर टांगायचा, थंड-गरमच्या दोन जोडण्या करायच्या, वायर ओढायची. कोटेशन एका ओळीत मावायचं : यंत्राची किंमत अधिक बसवण्याची मजुरी. पुढे एकाच जागेवरून घरभर गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरची कामं येऊ लागली, आणि ती ओळ अपुरी पडायला लागली. बॉयलर तोच, माप तेच, तरी दोन घरांची बिलं जुळत नाहीत. फरक यंत्रात नसतो, घरात असतो. म्हणून आता फोनवर आकडा न सांगता आम्ही आधी घर पाहतो आणि पाहणीचा तक्ता भरतो. आमची वाटचाल म्हणजे या तक्त्यात एकेक रकाना का वाढत गेला, त्याचा हिशेब आहे.

सगळ्यात वरचा रकाना मापाचा. ‘घरात माणसं किती’ एवढ्या एकाच प्रश्नावर टाकी ठरवली, तर ती हमखास मोठी किंवा लहान निघते. अंघोळी लागोपाठ एका तासात होतात की दिवसभर विखुरलेल्या, आणि सर्वांत थंड दिवसांत नळाचं पाणी किती गार येतं, हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे. समजा, चौघांच्या अंघोळी एकापाठोपाठ आहेत आणि प्रत्येकाला 40 अंशांचं 40 लिटर पाणी लागतं, म्हणजे एकूण 160 लिटर. टाकीत पाणी 60 अंशांवर आणि नळाला 20 अंशांचं येत असेल, तर निम्मं गरम, निम्मं गार, म्हणजे टाकीतून 80 लिटर जाईल. तेच नळाचं पाणी 10 अंशांवर आलं, की टाकीतून 96 लिटर जाईल. शिवाय टाकीतलं सगळं पाणी त्याच तापमानाला बाहेर येत नाही. खालून गार पाणी शिरतं आणि शेवटचा पाव भाग कोमट होतो. तो धरला, वर स्वयंपाकघर आणि बेसिन जोडलं, की अशा घराला 150 लिटरची टाकी बरोबर बसते. उगाच 300 लिटरची घेतली, तर खरेदीचा खर्च वाढतोच. शिवाय न वापरलेलं पाणी रोज गरम ठेवण्याचा खर्च कायमचा मागे लागतो.

टाकी नको, नळ उघडला की लगेच तापवणारं यंत्र हवं, असं बरेच जण म्हणतात. तिथे लिटर नाही, किलोवॅट मोजायचे. मिनिटाला लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले 0.07, हे सूत्र आमच्या प्रत्येक फिटरला पाठ आहे. दोन शॉवर एकदम चालू, प्रत्येकी मिनिटाला 8 लिटर, 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचं : 16 × 20 × 0.07, म्हणजे सुमारे 22 किलोवॅट. सिंगल फेजच्या 230 व्होल्टवर हा साधारण 97 अँपिअरचा भार झाला. घरगुती सिंगल फेज जोडणीवर हे चालत नाही. मग एकतर गॅस, नाहीतर थ्री फेज जोडणी, नाहीतर पुन्हा टाकीच. ऊर्जेच्या या निवडीने अंदाजपत्रकाची सगळी बाजू फिरते, म्हणून तिचा रकाना दुसरा.

टाकीच्या विजेच्या बॉयलरचं विजेचं काम त्या मानाने सोपं. 1 युनिट वीज म्हणजे 860 लिटर पाणी 1 अंशाने वाढवण्याइतकी उष्णता. 150 लिटर 40 अंशांनी वाढवायचं तर 7 युनिट लागतात; 3 किलोवॅटची कॉइल ते काम दोन तास वीस मिनिटांत करते. तिला 13 अँपिअर लागतात, पण वायर थेट मेन बोर्डापासून स्वतंत्र हवी, तिच्यावर स्वतःचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवा. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं. ते मोजलं आणि नवं करावं लागलं, तर तो खर्च बॉयलरचा नाही, तरी बॉयलरमुळेच पुढे येतो. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा हीट पंप तेच 7 युनिटांचं काम अनुकूल हवेत सव्वादोन-अडीच युनिटांत करतो, पण यंत्र महाग आणि जागेबाबत हट्टी. त्याला मोकळी हवा लागते. लहान बंद खोलीत ठेवला तर स्वतः सोडलेली गार हवाच पुन्हा ओढतो आणि बचत आटते. त्याच्यातून पाणी ठिबकतं, त्याला निचरा द्यावा लागतो. पंखा-कॉम्प्रेसरचा आवाज असतो, त्यामुळे झोपायच्या खोलीची भिंत आम्ही टाळतो.

गॅसचं काम निराळं. शेगडीचा एक बर्नर साधारण 2 ते 3 किलोवॅटचा असतो, तर 24 किलोवॅटचा बॉयलर ताशी सुमारे अडीच घनमीटर नैसर्गिक वायू ओढतो. स्वयंपाकघरापर्यंत आलेली बारीक नळी त्याला पुरत नाही. लांबी वाढली, बेंड वाढले की दाब घटतो, ज्योत कमजोर होते आणि यंत्र बंद पडतं. मीटरपासून जाड नळी नव्याने ओढणं हा बऱ्याच घरांत अंदाजपत्रकातला मोठा आकडा ठरतो, आणि हे काम परवानाधारक गॅस फिटरकडूनच करून घ्यायचं. त्यानंतर धुराचा मार्ग. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्यामुळे इथे काटकसर आम्ही ऐकून घेत नाही. बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारी बंद चेंबरची रचनाच आम्ही सुचवतो. धुराच्या नळीच्या लांबीला निर्मात्याने मर्यादा दिलेली असते आणि प्रत्येक बेंडपोटी त्यातली काही लांबी वजा करायची असते. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून बसवलेला बॉयलर स्वस्त पडतो आणि घराच्या मधोमध बसवलेला महाग. कंडेन्सिंग प्रकारात धुरातली वाफ पाणी होऊन खाली येते. ते पाणी आम्लधर्मी असतं. धुराच्या नळीला बॉयलरकडे उतार द्यायचा आणि ते पाणी प्लॅस्टिकच्या नळीनेच निचऱ्यात सोडायचं. लोखंडी नळीला ते खातं.

आता दाबाचा रकाना. याच्याकडे घरमालकाचं सहसा लक्ष जात नाही. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे 1 बार (दाबाचं एकक) दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर हातात येतो फक्त 0.3 बार. झटपट तापवणारी कित्येक यंत्रं एवढ्यावर सुरूच होत नाहीत, आणि मोठा शॉवर नुसता गळल्यासारखा वाहतो. पाहणीत आम्ही मोजमापाची बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक नळाचा मिनिटाचा प्रवाह मोजतो, मग प्रेशर गेज लावतो. प्रेशर पंप लागणार असेल तर तो कोटेशनमध्ये पहिल्या दिवशीच दिसला पाहिजे, कारण त्याच्यामुळे आणखी काही बदलावं लागतं.

ते असं. गच्चीवरच्या टाकीतून गुरुत्वाने पाणी येणाऱ्या साध्या रचनेत गरम टाकीला वर उघडा व्हेंट पाइप असतो. तो गार टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर नेलेला असतो. तापून फुगलेलं पाणी आणि हवा तिथून मोकळी होते. या रचनेत गरम टाकीकडे येणाऱ्या लाइनवर कोणी पंप बसवला, की पाणी शॉवरला न जाता व्हेंटमधून गच्चीवर उडायला लागतं. मग कोणीतरी त्या व्हेंटला प्लग मारतं. ते फार घातक आहे, कारण फुगणाऱ्या पाण्याची वाटच बंद होते. 150 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं, की सव्वादोन लिटरने वाढतं. बंद टाकीत, मागे नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) असताना, त्या सव्वादोन लिटरला जागा नसते आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून पंप आला की व्हेंट काढून पूर्ण बंद रचना करायची. तिच्यात दाब सोसणारी टाकी हवी, तापमान आणि दाब दोन्हींवर उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह हवा, आणि फुगलेलं पाणी सामावून घेणारी विस्तार टाकी हवी. 3 बारच्या लाइनला आणि 6 बारच्या सेफ्टी वॉल्व्हला या मापात 8 लिटरची विस्तार टाकी चालते. तिच्यातल्या रबरी पडद्यामागची हवा लाइनच्या दाबाएवढी भरायची, तीही पाणी सोडण्याआधी. हवा भरलीच नाही, तर टाकी लावूनही सेफ्टी वॉल्व्ह रोज तापताना ठिबकत राहतो, आणि लोक वॉल्व्ह खराब समजून बदलतात. वॉल्व्हचं तोंड खाली उताराने, डोळ्यांना दिसेल असं निचऱ्यावर सोडायचं. त्यावर कॉक बसवायचा नाही, बूच तर नाहीच. गिऱ्हाइकाला हे सुटे भाग ‘वरचा खर्च’ वाटतात. आम्ही ते वेगळे दाखवतो, पण वगळून काम घेत नाही.

पाइपलाइनचा रकाना पैशाच्या दृष्टीने सर्वांत जड. 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला 0.31 लिटर पाणी मावतं. बॉयलरपासून बाथरूम 15 मीटर लांब असेल, तर दर वेळी पावणेपाच लिटर गार पाणी वाहून गेल्यावर गरम येतं. मिनिटाला 6 लिटर देणाऱ्या नळावर पाऊण मिनिट थांबणं आलं. उपाय तीन : बॉयलर बाथरूमांच्या जवळ आणणं, पाइप गरजेपुरता बारीक ठेवणं, किंवा परतीची लाइन टाकून छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवणं. परतीची लाइन घर बांधताना टाकली तर किरकोळ खर्चात होते. नंतर टाकायची म्हणजे फरशी फोडणं, झिरी मारणं, वॉटरप्रूफिंग पुन्हा करणं. त्यामुळे घर बांधत असणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो : बॉयलर दोन वर्षांनी घ्या हवं तर, परतीची लाइन आज टाकून ठेवा. फिरत्या पाण्याच्या पंपाला टायमर आणि थर्मोस्टॅट दोन्ही हवेत, नाहीतर रात्रभर पाइप गरम करत बसतो.

सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक) पाइप गरम पाण्याला चालतो, पण 10 मीटर सरळ लाइन 40 अंशांनी तापली की सुमारे 25 मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं सिमेंटमध्ये आवळली तर एल्बोच्या जोडावर ताण येऊन तिथे बारीक चीर जाते. मध्ये लूप किंवा दिशाबदल द्यावा लागतो. सोलर जोडलेल्या घरात न वापरलेलं पाणी 82 अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि ती सीपीव्हीसीची मर्यादा आहे. म्हणून तिथे टाकीलगतचा टप्पा धातूचा ठेवतो. तांबं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) थेट जोडायचं नाही, मध्ये दोन धातू एकमेकांना लागू न देणारं डायइलेक्ट्रिक युनियन घालायचं. नाहीतर जीआय आधी सडतं. उन्हातल्या पाइपचं काळं इन्सुलेशन वरून आवरण नसेल तर तडकतं. हे सगळं लिहिताना लहानसहान वाटतं, पण दोन कोटेशनांमधला फरक बहुतेक वेळा याच गोष्टींतून येतो.

पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आम्ही जागेवरच किटने तपासतो. लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या वर गेली की कॉइलवर पांढरा थर लवकर चढतो. उष्णता पाण्यात न जाता कॉइलमध्येच अडकते, आणि कॉइल फुटते. तापमान जितकं वर, तितका थर दाट. अशा ठिकाणी सॉफ्टनर, किंवा निदान काढून साफ करता येईल अशी कॉइल आणि दरवर्षीची सफाई धरावी लागते. तापमान फार खाली आणणं हा उपाय नव्हे, कारण 20 ते 45 अंशांत फुफ्फुसाचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो. साठा 60 अंशांवर ठेवून नळाआधी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग वॉल्व्ह लावणं बरं. त्याने पोळण्याचा धोकाही टळतो. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात स्टेनलेस टाकीच्या वेल्डजवळ छिद्रं पडतात; तिथे आतून काचेचा थर दिलेली ग्लासलाइन टाकी घेतो आणि तिच्याऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियम रॉड दरवर्षी बघतो. तो झिजला की टाकी झिजायला लागते. रॉड वरून निघत असेल तर टाकीवर रॉडएवढी मोकळी जागा सोडायची. जागा ठरवताना हे विसरलं, तर रॉड बदलण्यासाठी अख्खी टाकी उतरवावी लागते.

जागेबद्दल थोडक्यात. 300 लिटरची टाकी भरल्यावर नुसतं पाणीच 300 किलो होतं, आणि ते चार पायांवर उभं असतं. ती बीमवर किंवा भिंतीलगत ठेवायची, स्लॅबच्या मध्यावर नाही. जिना अरुंद असेल तर वर चढवण्याची मजुरी वेगळी. जुना बॉयलर काढून नेणं, जुन्या पाइपची तोंडं बंद करणं, भिंत बुजवणं हेही आम्ही स्वतंत्र लिहितो.

मजुरीत चाचणीचा वेळ धरलेला असतो. लाइन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर ठेवून गेजचा आकडा आधी आणि नंतर लिहितो, मालकाची सही घेतो आणि मगच झिरी बुजवू देतो. कोटेशन हातात आलं की शेवटचं पान आधी वाचा, असं आम्ही सांगतो. काय धरलेलं नाही, ते तिथे लिहिलेलं असतं : फरशीचा मेळ, रंग, विजेचा भार वाढवून घेण्याचं शुल्क, आणि भिंत फोडल्यावर सापडलेली जुनी सडकी लाइन. असं काही सापडलं तर काम थांबवतो, फोटो पाठवतो, नवा आकडा लेखी देतो आणि होकार आल्यावरच पुढचा पाइप कापतो.